इमकान, वुकूअ आणि ४१ किलोमीटरवरचे जीवाणू

१६ मार्च २००९ रोजी भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने, म्हणजे इस्रोने, एक निवेदन काढले. जमिनीपासून २० ते ४१ किलोमीटर उंचीवरच्या हवेत जीवाणूंच्या तीन नव्या जाती सापडल्या आहेत, असे त्यात म्हटले होते. पहिल्या जातीला ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांच्या स्मरणार्थ 'जॅनिबॅक्टर हॉयली' हे नाव दिले होते. दुसरी इस्रोच्या नावावरून 'बॅसिलस इस्रोनेन्सिस' आणि तिसरी आर्यभटाच्या नावावरून 'बॅसिलस आर्यभट्टाय'. प्रयोगाचे प्रमुख संशोधक होते पुण्याच्या 'आयुका'चे डॉ. जयंत नारळीकर. हे जीव पृथ्वीबाहेरून आले, असे मात्र निवेदनात कुठेही म्हटलेले नव्हते. उलट, या अभ्यासातून ते निर्णायकपणे सिद्ध होत नाही, पण शोध पुढे नेण्याची उमेद मिळते, एवढीच कबुली होती.

विश्वात दुसरीकडे जीवसृष्टी आहे का, हा विषय निघाला की आपल्या समाजात दोन उत्तरे तयार असतात. एक, हे सगळे झूट आहे, अल्लाहने जीव निर्माण केला तो याच जमिनीवर, असल्या गोष्टींनी ईमान कमजोर होते. दुसरे, यात नवे काय, हे तर कुरआनात चौदाशे वर्षांपूर्वीच आले आहे. पहिले उत्तर देणारा बातमी वाचत नाही. दुसरे उत्तर देणारा वाचतो, पण मथळ्यापुरती. फुगा कुठून उडाला, नळकांड्यांत काय भरून आले, ते कोणी तपासले, हे दोघांनाही विचारावेसे वाटत नाही. उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवताना हीच दोन उत्तरे मुलांच्या तोंडून ऐकू येतात. त्यांना ती घरातून मिळालेली असतात. तिसरा एक प्रश्न मात्र मुलांचा स्वतःचा असतो : "सर, एलियन म्हणजे जिन का?" या प्रश्नाचे मला कौतुक वाटते. निदान त्यात विचारणे आहे. (जिन्नातांचा वावर आपल्या परंपरेत याच जमिनीवर सांगितला आहे, त्यामुळे परग्रहाच्या चौकशीत त्यांना ओढण्याची गरज नाही, असे मी सांगतो आणि पुढे जातो.)

गंमत अशी की आपल्या बुजुर्गांनी या प्रश्नावर डोळेही मिटले नव्हते आणि घाईने शिक्काही मारला नव्हता. इसवी सन १००० च्या आसपास अल-बिरुनी आणि इब्ने सिना यांच्यात पत्रव्यवहार झाला. बिरुनी आपल्याला 'किताबुल हिंद'मुळे माहीत आहे, पण ही गोष्ट त्याच्या आधीची. तो तेव्हा तिशीच्या आत होता आणि इब्ने सिना तर त्याहून लहान. बिरुनीने एकूण अठरा प्रश्न पाठवले. त्यांतले दहा अ‍ॅरिस्टॉटलच्या आकाशविषयक ग्रंथावर होते, आणि एक प्रश्न असा : या विश्वाखेरीज दुसरे विश्व असूच शकत नाही, असे अ‍ॅरिस्टॉटल कशाच्या आधारावर म्हणतो? अ‍ॅरिस्टॉटलचा तर्क असा होता की माती हे तत्त्व स्वभावतः विश्वाच्या केंद्राकडे धावते. विश्वे दोन असतील तर केंद्रेही दोन होतील. मग मातीने कोणत्या केंद्राकडे धावावे? इब्ने सिनाने अ‍ॅरिस्टॉटलची बाजू उचलून धरली, पण बिरुनीचे समाधान झाले नाही. केवळ मोठ्या माणसाने सांगितले म्हणून मान्य करायला तो तयार नव्हता.

तेराव्या शतकाच्या सुरुवातीला इमाम फखरुद्दीन राझी याच मुद्द्यावर आले. त्यांची वाट वेगळी होती. रोजच्या नमाजात आपण ज्याला 'रब्बुल आलमीन' म्हणतो त्यातला 'आलमीन' हा शब्द अनेकवचनी आहे, याकडे त्यांचे लक्ष होते. 'अल-मतालिबुल आलिया' या ग्रंथात त्यांनी सांगितले की या विश्वापलीकडे अंत नसलेली पोकळी आहे, आणि त्या पोकळीत लाखो विश्वे निर्माण करण्यास अल्लाह समर्थ आहे. तत्त्ववेत्त्यांचे 'विश्व एकच' हे प्रमाण त्यांना दुबळे वाटले.

आता ज्या आयतीचा हवाला हमखास दिला जातो ती पाहू. सूरह शूराची २९वी आयत. आकाशे आणि पृथ्वी या दोन्हींत पसरलेल्या 'दाब्बा'चा तीत उल्लेख आहे. दाब्बा म्हणजे चालणारा, सरपटणारा जीव. बऱ्याच मुफस्सिरांनी आकाशातल्या दाब्बाचा अर्थ फरिश्ते असा घेतला. पण ११४४ मध्ये वारलेले झमखशरी आपल्या 'कश्शाफ'मध्ये आणखी एक शक्यता नोंदवतात : माणसे जमिनीवर चालतात तसे चालणारे जीव अल्लाहने आकाशातही निर्माण केले असतील, तर ते अशक्य कोटीतले नाही. हे लिहिणाऱ्यासमोर दुर्बीण नव्हती, रॉकेट नव्हते. समोर होता फक्त एक शब्द आणि त्या शब्दाचा प्रामाणिक अर्थ लावायची इच्छा.

हीच वाट पुढे आपल्या मुंबईपर्यंत येते. मुंबईत शिकलेले, पुढे आय.सी.एस. झालेले अब्दुल्ला यूसुफ अली यांनी केलेला कुरआनचा इंग्रजी अनुवाद १९३४ ते १९३७ दरम्यान लाहोरहून भागाभागाने निघाला. या आयतीखालच्या टिपेत त्यांनी मंगळावरच्या जीवांविषयीच्या जुन्या कल्पनेचा उल्लेख केला आहे. वैज्ञानिक पुरावा उपलब्ध नसला तरी असंख्य खगोलांपैकी काहींवर कोणत्या ना कोणत्या रूपात जीव असावा हे मानणे वाजवी आहे, असा त्या टिपेचा आशय आहे. 'पुरावा उपलब्ध नसला तरी' हे त्यातले शब्द मला फार मोलाचे वाटतात. आज या टिपेचा हवाला देणारे पुष्कळ लोक नेमके तेवढे शब्द गाळतात.

एकोणिसाव्या शतकातल्या दिल्लीत तर या प्रश्नाने चांगलेच रण माजवले. शाह इस्माईल देहलवी यांनी अल्लाहच्या सामर्थ्याचे वर्णन करताना लिहिले की त्याने मनात आणले तर एका 'कुन' या हुकमासरशी तो हजरत मुहम्मद (स.) यांच्यासारखे कोट्यवधी निर्माण करू शकेल. मौलाना फझले हक खैराबादी यांना हे मुळीच पटले नाही. खातमुन्नबिय्यीन म्हणजे शेवटचे प्रेषित. शेवटचा दुसरा असू शकत नाही, म्हणून त्यांची जोड मुळात अशक्य, असा त्यांचा दावा. या वादाला 'इमकाने नझीर' आणि 'इम्तिनाए नझीर' अशी नावे पडली. खैराबादींनी आपले मित्र मिर्झा गालिब यांना आपल्या बाजूने फारसी मसनवी लिहायला सांगितले.

पुढचा किस्सा हालींनी 'यादगारे गालिब'मध्ये सांगितला आहे. गालिबने मसनवी लिहिली, पण कवीच तो, सरळ वाटेने थोडाच जाणार. त्याने मांडले ते असे : या एका विश्वात दुसरा खातम होऊ शकत नाही हे खरे, पण अल्लाह दुसरे विश्व निर्माण करू शकतो, त्या विश्वाचा सूर्य वेगळा, चंद्र वेगळा आणि खातमही वेगळा. मौलाना नाराज झाले. विश्वे हजार असली तरी खातम एकच, असे लिहा म्हणाले. गालिबने मित्राचा शब्द राखून शेवटी तशा ओळी जोडल्या. पण आधीच्या ओळी काढून टाकल्या नाहीत! १८५७ नंतर खैराबादींना काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि १८६१ मध्ये अंदमानातच त्यांचा इंतकाल झाला.

हजरत इब्ने अब्बास यांच्या नावे सांगितल्या जाणाऱ्या एका रिवायतीनेही असेच वादळ उठवले. सात जमिनी आहेत आणि प्रत्येक जमिनीवर तुमच्या आदमसारखा आदम, तुमच्या नूहसारखा नूह आहे, असा तिचा आशय. बैहकींनी तिची सनद सहीह मानली, पण रिवायत 'शाझ', म्हणजे एकाकी ठरवली. इब्ने कसीर यांनी ती बनी इस्राईलच्या कथांतून आली असावी असा संशय घेतला. १८७० च्या दशकाच्या सुरुवातीला मौलाना कासिम नानौतवी यांनी या रिवायतीविषयीच्या प्रश्नाला उत्तर म्हणून 'तहझीरुन्नास' ही पुस्तिका लिहिली. तिच्यावरून उठलेले वाद अजून शमलेले नाहीत, आणि त्यांत शिरण्याचे इथे कारणही नाही. माझ्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच की आज ज्याला आपण 'परग्रहावरची माणसे' म्हणतो त्या प्रश्नावर बरेली, दिल्ली आणि देवबंदचे उलेमा दीडशे वर्षांपूर्वी गंभीरपणे बोलत होते.

मदरशांतल्या मंतिकच्या पुस्तकांत दोन शब्द शिकवतात : इमकान आणि वुकूअ. एखादी गोष्ट होऊ शकते, हा इमकान. ती प्रत्यक्ष झाली आहे, हा वुकूअ. राझी, झमखशरी, गालिब, यूसुफ अली हे सगळे इमकानविषयी बोलत होते, आणि ते त्यांना पक्के ठाऊक होते. जो आज म्हणतो की दुसरीकडे जीव असणे शक्यच नाही, तो इमकान नाकारतो, म्हणजे राझींशीच भांडतो. जो म्हणतो की आयतीत आहे म्हणजे सिद्ध झाले, तो इमकानलाच वुकूअ समजून बसतो. वुकूअसाठी उठून जाऊन पाहावे लागते.

पाहण्याची सवय आपल्याकडे अगदीच नव्हती असे नाही. एप्रिल १६२१ मध्ये जालंधर परगण्यातल्या एका गावी मोठा आवाज होऊन आकाशातून तापलेले लोखंड पडले. तिथला आमिल मुहम्मद सईद याने ती जागा खणवली आणि सापडलेला गोळा बादशहाकडे पाठवला. जहांगीरने तो वजन केला, १६० तोळे भरला. मग उस्ताद दाऊदकडे देऊन त्याच्या तलवारी, खंजीर आणि सुरी बनवून घेतल्या. नुसत्या आकाशी लोखंडाचे घाव टिकेनात म्हणून तीन भागांत एक भाग साधे लोखंड मिसळले. हे सारे त्याने 'तुझुक'मध्ये टिपून ठेवले आहे. त्या धातूचे एक पाते आज वॉशिंग्टनच्या फ्रीर संग्रहालयात आहे. जागा, साक्षीदार, वजन, मिश्रणाचे प्रमाण, सगळे नोंदवणारा हा बादशहा मला वैज्ञानिकांच्या फार जवळचा वाटतो.

आकाशातून लोखंड पडते तर जीव का पडू नये? फ्रेड हॉइल यांचा प्रश्न साधारण हाच होता. श्रीलंकेत जन्मलेले त्यांचे सहकारी चंद्र विक्रमसिंघे यांच्यासोबत त्यांनी मांडले की सूक्ष्मजीव धूमकेतूंच्या बर्फात सुरक्षित राहतात, धूमकेतूंच्या धुळीबरोबर पृथ्वीवर सतत येत असतात, आणि इथली जीवसृष्टीही अशाच बियाण्यातून उगवली असावी. बहुसंख्य शास्त्रज्ञांनी हे मानले नाही, आजही मानत नाहीत. नारळीकर हॉइल यांचे केंब्रिजमधले विद्यार्थी. १९३८ साली कोल्हापुरात जन्म, बालपण बनारस हिंदू विद्यापीठाच्या आवारात, १९७२ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, १९८८ पासून पुण्यात 'आयुका'ची उभारणी. मराठी वाचकाला ते विज्ञानकथांमुळे अधिक जवळचे. त्यांच्या एका विज्ञानकादंबरीचे नाव 'प्रेषित' आहे. हा शब्द आपण मराठी मुसलमान दरूदासह उच्चारतो, त्यामुळे पुस्तकाच्या कपाटात ते नाव पहिल्यांदा दिसते तेव्हा क्षणभर थबकायला होते.

गुरूच्या मताबद्दल आदर होता, पण नारळीकरांनी तो तसाच स्वीकारला नाही. तपासून पाहू, म्हणाले. विचार सोपा आहे. जमिनीवर पावलोपावली जीवाणू आहेत, तिथे वरून पडलेला वेगळा ओळखणार कसा? म्हणून जितके उंच जाता येईल तितके जायचे. आपल्या भागात साधारण १६-१७ किलोमीटरपर्यंत हवा घुसळली जाते, ढग-वादळे तिथवरच. त्यावरच्या थरात खालची धूळ सहसा पोहोचत नाही. ४१ किलोमीटरवर हवेचा दाब जमिनीवरच्या दाबाच्या हजारात तीन भागांइतकाही उरत नाही आणि सूर्याचे अतिनील किरण जवळजवळ विनाअडथळा येतात. तिथे जिवंत काही सापडले तर त्याचा जाब विचारावाच लागेल.

विमान तिथवर जात नाही. रॉकेट जाते, पण ते थांबत नाही. राहिला फुगा. टाटा संस्थेचे फुगे सोडण्याचे केंद्र हैदराबादला आहे. मनमाडकरांना हैदराबाद परके नाही. १९०० साली निजामाच्या राज्यातली गोदावरी खोऱ्याची रेल्वे तेव्हाच्या औरंगाबादमार्गे मनमाडला येऊन मिळाली, आणि तेव्हापासून इथली कितीतरी घरे त्या लाइनने हैदराबादशी जोडली गेली. त्याच शहरात नवाब जफर जंग यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी स्वतःच्या पैशाने दुर्बीण आणून वेधशाळा उभी केली. पुढे ती निजामिया वेधशाळा झाली आणि तिने जागतिक नकाशासाठी सात लाखांहून अधिक ताऱ्यांच्या जागा मोजल्या. १९१७ मध्ये तिथेच दारुत्तर्जुमा सुरू झाला, आणि उस्मानिया विद्यापीठासाठी विज्ञानाचे ग्रंथ उर्दूत आले. उर्दूतून विज्ञान शिकवता येणार नाही असे म्हणणाऱ्यांना हा इतिहास कुणीतरी सांगायला हवा.

पहिला फुगा २१ जानेवारी २००१ रोजी उडाला. त्यातले नमुने इंग्लंड-वेल्समध्ये तपासले गेले आणि ४१ किलोमीटरवरच्या हवेत जिवंत पेशी असल्याचे संकेत मिळाले. पण शेफील्डला जे वाढवता आले ते जीवाणू आणि बुरशी पृथ्वीवर ओळखीचेच निघाले. शंका घ्यायला जागा होती : प्रयोगशाळेतलीच घाण शिरली नसेल कशावरून? हॉइल त्याच वर्षी २० ऑगस्टला वारले.

दुसरा फुगा २० एप्रिल २००५ चा. या वेळी तयारी कडक होती. फुग्याचे आकारमान २ कोटी ६७ लाख घनफूट, खाली टांगलेले सामान ४५९ किलो. त्यात निर्जंतुक केलेली, आतली हवा पूर्ण काढलेली पोलादी नळकांडी ३८ किलो द्रवरूप निऑनमध्ये बुडवलेली. हा निऑन उणे २४६ अंशांवर उकळतो. ठरलेल्या उंचीवर जमिनीवरून हुकूम गेला की नळकांड्याची झडप उघडायची, बाहेरची विरळ हवा आत ओढली जाऊन थंडीने गोठायची, झडप बंद व्हायची. २० किलोमीटरपासून ४१ किलोमीटरपर्यंत वेगवेगळ्या थरांत हे झाले. मग सामान पॅराशूटने खाली आले.

नमुने दोन ठिकाणी वाटले : हैदराबादची सीसीएमबी आणि पुण्याचे राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र. दोघांची पद्धत एकच ठेवली, तपासणी मात्र स्वतंत्र. हैदराबादला एस. शिवाजी, पुण्याला योगेश शौचे. यू. आर. राव आणि पुष्पमित्र भार्गव हे ज्येष्ठ मार्गदर्शक, फुग्याची जबाबदारी रवी मनचंदांकडे. जीवाणूंच्या १२ आणि बुरशीच्या ६ वसाहती वाढल्या. १२ पैकी ९ जीवाणू ज्ञात जातींशी ९८ टक्क्यांहून अधिक जुळले. उरलेले तीन नवे, आणि आपल्या जवळच्या भाऊबंदांपेक्षा अतिनील किरण जास्त सोसणारे. २००५ चा फुगा आणि २००९ चे निवेदन, मध्ये चार वर्षे गेली. या चार वर्षांचे मला फार अप्रूप वाटते. आपल्याकडे चंद्र दिसला की नाही यावर चार मिनिटांत दोन गट पडतात.

चार वर्षांनंतरही हाती आले ते एवढेच : जीवाणू त्या उंचीवर होते, हे बऱ्यापैकी खात्रीचे. वरून आले की खालून गेले, ते अनिर्णित. अतिनील किरण सोसण्याचा गुण असलेले जीवाणू वाळवंटातही असतात. ज्वालामुखीची राख किंवा एखादा असाधारण वारा त्यांना वर नेऊ शकतो. परके आहेत हे दाखवायला त्यांच्यातल्या कार्बनसारख्या मूलद्रव्यांच्या समस्थानिकांचे प्रमाण पृथ्वीपेक्षा वेगळे निघायला हवे.

अशा फुग्यांच्या सामानाबद्दल टाटा संस्था दरवर्षी आवाहन करते की ते शेतात पडले तर उघडू नका, जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा टपाल कार्यालयात कळवा. तरी डिसेंबर २०२२ मध्ये तेलंगणातल्या विकाराबाद जिल्ह्यात एका स्पॅनिश कंपनीची चाचणीची कुपी अशीच उतरली, तेव्हा परग्रहाचे यान म्हणून माणसे जमली होतीच.

डिसेंबर २०२१ मध्ये नाशिकला ९४वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्ष नारळीकर होते, पण प्रकृतीमुळे येऊ शकले नाहीत. मनमाडहून तासा-दीड तासाच्या अंतरावर त्यांना पाहायची संधी हुकली ती कायमची. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्याच्या महिनाभर आधी केंब्रिजमधूनच एक बातमी आली होती. निक्कू मधुसूदन यांच्या गटाने १२४ प्रकाशवर्षांवरच्या के२-१८बी या ग्रहाच्या हवेत जीवांशी संबंध असू शकेल अशा वायूची खूण दिसल्याचा दावा केला. इतर गटांनी तीच निरीक्षणे तपासून शंका घेतल्या. मधुसूदन यांचे शिक्षणही बनारसचे.

त्या तीन जीवाणूंपैकी आर्यभट्टायची पुढची गोष्ट सांगायची राहिली. तो नंतर जमिनीवरही सापडत गेला, झाडांच्या मुळांभोवतीच्या मातीत. काही संशोधकांनी तो जुन्या ओळखीच्या बॅसिलस मेगाटेरियमपेक्षा निराळा नाहीच असे म्हटले, २०२० मध्ये त्याला 'प्रिस्टिया' या नव्या प्रजातीत घातले गेले. त्याआधी २०१४ साली मध्य भारतातल्या काळ्या जमिनीवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. सोयाबीनच्या मुळांजवळ मिळालेले आर्यभट्टायचे वाण मातीत अडकून पडलेले जस्त विरघळवून पिकाला मिळवून देतात आणि त्यामुळे सोयाबीन व गव्हाच्या दाण्यांत जस्त वाढते, असे त्यात आढळले होते.